हृदयाचे चित्र आणि उद्याचा अंदाज



तालमीत घुमणारा विशी-बाविशीचा पोरगा शर्यतीत पळता पळता कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. मग पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो उपाशीपोटी पळाला, आणि शहाणीसुरती माणसे म्हणतात, "अहो, हार्ट अटॅक आला." हा शेवटचा खुलासा शास्त्रीय वाटतो खरा, पण एवढ्या लहान वयात तो पुष्कळदा बरोबर नसतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणे. तरुण पोराच्या नळ्या बहुधा स्वच्छ असतात. बिघाड असतो तो हृदयाच्या स्नायूत, नाहीतर हृदयाच्या तालात, आणि कित्येकदा दोन्हींत.

हे बिघाड माणूस जिवंत असताना कसे दिसतात, आणि ते दिसल्यावर "याचे पुढे काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर कितपत देता येते, हा आजचा विषय आहे.

आपले हृदय आपल्याच मुठीएवढे. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या प्रत्येक आकुंचनाला वरच्या बाजूने विजेची एक बारीक लाट सुरुवात करून देते; ती ठरल्या वाटेने खाली उतरते आणि तिच्यामागोमाग स्नायू आवळला जातो. भजनात मृदंगावर थाप पडली की टाळ वाजतात, तसे म्हणा ना. मृदंगवाला चुकला तर टाळकरी गोंधळतात. टाळकरीच थकले तर मृदंगाचाही ठेका ढळतो. हृदयातही असेच आहे. ताल फार दिवस जलद राहिला तर स्नायू थकून ढिला पडतो, आणि स्नायू आजारी झाला तर ताल बिघडतो. म्हणून या दोन आजारांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही.

कार्डिओग्राम म्हणजे हृदयाचा फोटो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तसे ते नाही. ती त्या विजेची नोंद आहे. हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती नीट उमटवून दाखवली, आणि १९२४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्त, बिनधोक आणि पाच मिनिटांत होणारी अशी ही तपासणी आहे. पण कार्डिओग्राम वाचणे म्हणजे ओसरीवर बसून घरातले भांडण ऐकण्यासारखे आहे. आत काहीतरी चालले आहे हे कळते, आवाज कोणाचा हेही कळते. पण भिंत कोणती खचली, हे आत गेल्याशिवाय दिसत नाही.

आत जाण्याची वाट स्वीडनमध्ये सापडली, आणि तीही जहाजाच्या कारखान्यातून. लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ काम करीत होते. जवळच माल्मो बंदरात पोलादातील अदृश्य भेगा शोधण्यासाठी एक यंत्र वापरीत असत. ते पोलादात ध्वनिलहरी सोडी, आणि भेगेवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी टिपी. भेग सापडते तर हृदयाची भिंत का सापडू नये, असे या दोघांच्या मनात आले. तशाच जातीचे यंत्र उसने आणून त्यांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये हृदयाच्या भिंतींची पहिली नोंद घेतली. आज तालुक्याच्या गावी "टूडी इको" म्हणून जी तपासणी होते, तिचा हा जन्म. डोंगराच्या घळीत हाक मारली की ती परत येते, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून समोरचा कडा जवळ की लांब ते समजते. इकोचे तत्त्व तेच. फरक इतकाच की ही हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. इकोतील लहरी सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या असतात. त्यात क्ष-किरण नाहीत. म्हणून गरोदर बाईचाही इको निर्धास्त काढावा. "मशीनचा करंट पोराला लागेल" ही भीती पार काढून टाका.

इकोच्या कागदावर एक आकडा हमखास असतो. त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. रिपोर्टात त्याची दोनच इंग्रजी अक्षरे असतात. मोटेचे दिवस आता गेले, पण ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हा आकडा चटकन उमगेल. भरलेली मोट वर आली आणि थारोळ्यात रिकामी झाली, त्या वेळी मोटेतले शंभरातील किती भाग पाणी बाहेर पडले? निरोगी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून दर ठोक्याला शंभरातील ५५ ते ७० भाग रक्त बाहेर पडते. सगळे कधीच पडत नाही, त्यामुळे "डॉक्टर, माझे हृदय साठच टक्के चालते हो!" म्हणून घाबरून येणाऱ्याला घरी पाठवावे लागते. साठ म्हणजे उत्तम. स्नायू ढिला झाला, कप्पा फुग्यासारखा ताणला गेला, की हा आकडा चाळीस, तीस, कधी वीसवर येतो.

आता तालाकडे वळू. क्षणभर ठोका चुकल्यासारखा वाटणे हे बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते. खालच्या कप्प्यांचा ताल मात्र एकदम बेफाम झाला, तर हृदय आवळण्याऐवजी नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. त्यावर एकच इलाज, विजेचा झटका. मिशेल मिरोव्स्की हे डॉक्टर इस्राएलमध्ये असताना, १९६६ साली, त्यांचे एक ज्येष्ठ स्नेही डॉक्टर अशाच बिघाडाने दगावले. झटका देणारी पेटी रुग्णालयात, आणि रुग्ण आपल्या घरी. मग ती पेटीच माणसाच्या अंगात का बसवू नये? त्या काळी मोठमोठ्या तज्ज्ञांनी या कल्पनेवर टीका केली. मिरोव्स्कींनी सोडली नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे ते यंत्र पहिल्यांदा माणसाच्या अंगात बसवले गेले. आज ते काडेपेटीहून थोडे मोठे असते आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत राहते.

यंत्र झाले, पण ते बसवायचे कोणाला? खरा पेच इथे आहे. त्याला काही लाख रुपये पडतात. काही वर्षांनी बॅटरी संपते, की पुन्हा शस्त्रक्रिया. कधी जंतू शिरतात, कधी तार तुटते, कधी गरज नसताना झटका बसतो, आणि तो झटका म्हणजे छातीत घोड्याची लाथ. वेल्डिंगचे काम करणाऱ्याला तर धंदा बदलण्याची पाळी येऊ शकते. सरसकट सगळ्यांना ते बसवणे शहाणपणाचे नाही. आणि ज्याला लागणार होते त्याला बसवले नाही, तर काय होते ते सांगायला नको.

डॉक्टरांनी यासाठी प्रथम इकोच्या आकड्याचाच आधार घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आकडा ३५ किंवा त्याखाली असलेल्या अडीच हजारांवर रुग्णांचा हिशोब होता. यंत्र बसवलेल्यांत मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून "३५" ही जणू शिवेवरची खूण ठरली. मग २०१६ साली डेन्मार्कमधून दुसरा अभ्यास आला. त्यातले रुग्ण असे की त्यांच्या नळ्या तुंबलेल्या नव्हत्या, स्नायूच मुळात आजारी होता. त्यांच्यात अचानक मृत्यू यंत्रामुळे निम्म्यावर आले, पण एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आकडा ३५ च्या खाली असलेले बरेच जण यंत्राविनाही जगतात, किंवा दुसऱ्या कारणाने जातात. उलट अचानक जाणाऱ्यांत पुष्कळ जणांचा आकडा ३५ च्या वर असतो. एका आकड्याने शीव आखली, पण चोर शिवेच्या अलीकडेही होते आणि पलीकडेही. असे का व्हावे?

नदीच्या पात्रात मोकळे पाणी सरळ वाहते. मध्ये खडक आला, की त्याच्या आडोशाला भोवरा धरतो. हृदयातली विजेची लाटही निरोगी स्नायूतून सरळ पसरते आणि विझते. पण स्नायूत कुठे जुना वण असेल, म्हणजे मांस मरून तिथे चिवट धागे झाले असतील, आणि त्या वणातून जिवंत मांसाची एखादी अरुंद पट्टी गेली असेल, तर लाट त्या पट्टीतून रेंगाळत जाते. ती पलीकडे निघते तोवर आजूबाजूचा स्नायू पुन्हा ताजा झालेला असतो. मग ती तिथे शिरते, वळसा घेऊन परत पट्टीच्या तोंडाशी येते, आणि गरगर फिरू लागते. हाच तो घातक भोवरा. किती रक्त बाहेर पडते हे इकोचा आकडा सांगतो. खडक कुठे आहे, हे तो सांगत नाही.

खडक दाखवते ती एमआरआय. पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरदार अशा चुंबकात माणसाला निजवतात, आणि शरीरातल्या पाण्याच्या कणांकडून येणाऱ्या सूक्ष्म संकेतांवरून चित्र तयार करतात. त्यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. हृदयासाठी यात एक युक्ती आहे. गॅडोलिनियम नावाच्या धातूचे औषध शिरेतून देतात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतात. निरोगी मांसातून ते लवकर निघून जाते. वणाच्या धाग्यांत मात्र अडकून राहते. खडकाळ रानात पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचून राहते ते बघावे, तसेच. चित्रात वण पांढरा शुभ्र उठतो. ज्यांची मूत्रपिंडे फार बिघडली आहेत त्यांना हे औषध देताना मात्र जपावे लागते. तसे काही असेल तर आधी सांगावे.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयाने २०१३ साली ४७२ रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध केला. सगळ्यांचे हृदय ताणून फुगलेले होते. त्यातील १४२ जणांच्या भिंतीत मधोमध वण दिसला. सुमारे पाच वर्षे वाट पाहिली. वण असलेल्यांत शंभरी सुमारे २७ जण दगावले. नसलेल्यांत सुमारे ११. आणि तालाचा जीवघेणा प्रसंग, मग माणूस त्यात गेला असो की वाचवला गेला असो, वणवाल्यांत शंभरी सुमारे ३० जणांवर आला, इतरांत ७ जणांवर. फरक केवढा आहे पाहा! पण ते ७ विसरू नका. चित्र स्वच्छ निघाले म्हणजे अभयदान मिळाले, असे नव्हे.

तरुणांत आढळणारा एक विकार वेगळाच आहे. त्यात स्नायू ढिला न पडता उलट जाड होतो. लंडनचे डोनाल्ड टिअर यांनी १९५८ साली अचानक मेलेल्या तरुणांची शवविच्छेदने करून या जाडीचे वर्णन लिहिले. साधारण पाचशेंत एकाला हा विकार असतो, आणि तो घराण्यात उतरतो. हृदयाची भिंत सहसा बारा मिलिमीटरपर्यंत जाड असते. पंधरा झाली की संशय पक्का होतो, आणि तीस म्हणजे धोक्याची घंटा. आपल्या उपखंडात एक खास गोष्ट आढळली आहे. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांची गळती शंभरांतील सुमारे चौघांत असते, हे हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले, आणि तिचा स्नायूच्या आजाराशी संबंध जोडला. पण ती गळती असलेले बहुसंख्य लोक ठणठणीत असतात. तेव्हा नुसत्या रक्ताच्या तपासणीवरून कोणी भविष्य सांगू लागला तर त्याला विचारा, इको कुठे आहे?

भविष्य हा शब्द आलाच आहे, तर थोडे थांबू. या जाड हृदयाच्या रुग्णांसाठी युरोपातील तज्ज्ञांनी २०१४ साली एक हिशोब ठरवून दिला. वय, भिंतीची जाडी, वरच्या डाव्या कप्प्याचा आकार, रक्ताच्या वाटेतला अडथळा, घरात कोणी अचानक गेले होते का, कारण न समजता बेशुद्धी आली होती का, आणि चोवीस तासांच्या पट्टीत बेफाम ठोक्यांची माळ दिसली का. या सात गोष्टी घालून पुढल्या पाच वर्षांतला धोका काढतात. तो ६ टक्के किंवा जास्त निघाला तर यंत्राचा विचार करावा, ४ च्या आत असेल तर सहसा करू नये, अशी ती शिफारस आहे. सातपैकी दोन गोष्टी घरच्यांनाच विचारून कळतात, हे ध्यानात घ्या; त्या कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत.

पण ६ टक्के म्हणजे काय? कुंडलीत जसे "बत्तिसाव्या वर्षी घात" लिहितात, तसे हे नव्हे. वेधशाळा म्हणते, अशा ढगांत पाऊस पडण्याचा संभव इतका. तो आपल्या वाडीवर पडेल की पलीकडच्या, हे ती सांगत नाही. सहा टक्के म्हणजे अशाच शंभर जणांतील सहांवर पाच वर्षांत प्रसंग येईल, चौऱ्याण्णवांवर येणार नाही. ते सहा कोण, हे आज कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्याच्या घरात आधीच एक मुलगा गेला आहे, त्या बापाला हा सहाचा आकडा कसा ऐकू येईल, हेही सांगणाऱ्याने ध्यानी घ्यावे. माझे मत असे की, डॉक्टरांनी आकडा सांगावाच, पण दोन्ही बाजूंनी सांगावा. सहाही आणि चौऱ्याण्णवही. नुसता सहा सांगणे म्हणजे भीती घालणे, आणि नुसता चौऱ्याण्णव सांगणे म्हणजे थाप.

अलीकडे गणकयंत्रालाही ही चित्रे वाचायला शिकवतात. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली वणाच्या चित्रांवरून प्रत्येक रुग्णाचा दहा वर्षांपर्यंतचा अंदाज काढणारी रीत प्रसिद्ध केली. काम मोलाचे आहे. पण यंत्र ज्या लोकांच्या चित्रांवर शिकले त्यांच्यापुरते ते शहाणे. आपल्या माणसांवर पारखल्याखेरीज त्याच्या हाती निर्णय देणे मला तरी पटत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत निराशेपोटी राहून जाते. हृदयाचे चित्र बदलते! बाळंतपणाच्या सुमारास काही बायकांचे हृदय एकाएकी ढिले पडते. दम लागतो, पाय सुजतात, रात्री आडवे होववत नाही, घरातल्या वडीलधाऱ्या म्हणतात, "बाळंतिणीला असंच असतं गं, अशक्तपणा आहे." ते तसे नसते. इको काढला तर आकडा तिसावर आलेला सापडतो. औषधे सुरू केली की पुष्कळ जणींचे हृदय सहा महिन्यांत, वर्षात पूर्वपदावर येते. पुढच्या गरोदरपणाचा धोका मात्र तेव्हाच्या इकोवर ठरतो. आकडा पन्नासच्या खालीच राहिला असेल तर दुसरे मूल तिच्या जिवावर बेतू शकते. हे नवऱ्याने आणि सासूनेही ऐकले पाहिजे. दारूने ढिले पडलेले हृदय दारू सोडल्यावर कित्येकदा सावरते, आणि जलद तालाने थकलेले ताल ताब्यात आल्यावर. म्हणूनच नवा रुग्ण आला की डॉक्टर यंत्राची घाई करीत नाहीत. निदान तीन महिने औषधे पुरती देऊन पुन्हा इको काढतात, आणि मग ठरवतात.

सांधेतापाने झडप अरुंद झालेल्यांचे थोडक्यात सांगतो. यात वरचा कप्पा फुगतो, त्याचा ताल विस्कळीत होतो, आत रक्ताची गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. इथे गुणांची बेरीज करीत बसायचे कारण नाही. इकोत झडप अरुंद आणि ताल विस्कळीत असला की रक्त पातळ ठेवणारी गोळी हवीच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील साडेचार हजार रुग्णांच्या अभ्यासात जुनी वॉरफरिनची गोळी नव्या महाग गोळीपेक्षा सरस ठरली. रक्ताची नियमित तपासणी मात्र टाळता कामा नये.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे आता एक मागणे आहे. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे राहून, पोटात अन्न नसताना, डोळ्यांपुढे अंधारी येऊन मूल हळूच खाली बसते. ते बहुधा साधे असते. पण पळताना, कबड्डीच्या चढाईत, पोहताना, किंवा एकाएकी दचकल्यावर जे मूल काठी पडावी तसे पडते, ते वेगळे. त्याला कधी झटकेही येतात, आणि मग "फेफरं आलं" म्हणून नाकाला कांदा किंवा वहाण लावतात. दोन मिनिटांत मूल उठून बसले की सगळे विसरतात. ते विसरू नका. तारीख, काय करीत असताना पडले, रंग कसा झाला होता, हे वहीत टिपून ठेवा आणि आईबापांना बोलावून सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत येतात. त्यांच्या डॉक्टरांना ते मूल मुद्दाम दाखवा. कार्डिओग्राम आणि इको, या दोन्ही तपासण्या त्या मुलाच्या झाल्याच पाहिजेत.

आणि मूल उठलेच नाही, श्वास घेत नसले, तर कांदा शोधू नका. १०८ ला फोन करायला एकाला धाडा, आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाबायला लागावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या मुलाला पाचएक सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तेव्हा तो वाचला तो असाच. छाती दाबली आणि जागेवरच झटका दिला म्हणून. छातीत यंत्र बसवून २०२२ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळला.

ज्या घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले असेल, त्या घरातील आईबाप, भावंडे आणि मुले या सर्वांनी कार्डिओग्राम व इको काढून घ्यावा. काहीही त्रास होत नसला तरी काढावा. जाड हृदयाचा विकार वयात येताना वाढतो. म्हणून धाकट्याचा दहाव्या वर्षी काढलेला इको चांगला निघाला, तरी वाढीच्या वयात तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढावा लागतो, आणि पुढेही काही वर्षांच्या अंतराने. जुने कागद सातबाऱ्याच्या पुडक्यातच बांधून ठेवा. भिंत गेल्या खेपेपेक्षा किती मिलिमीटर वाढली, हे जुना कागद शेजारी ठेवल्याखेरीज डॉक्टरांना सांगता येत नाही.